आडवा धागा आला का?

सुरत म्हटली की मराठी माणसाला आधी १६६४ आणि १६७० ही साले आठवतात. इतिहासाच्या तासाला थोडे अधिक लक्ष दिलेल्याला १९०७ चे काँग्रेसचे अधिवेशन आणि त्यात भिरकावलेला जोडाही आठवतो. आम्हा नंदुरबार-नवापूरकडच्या लोकांची सुरत मात्र वेगळी. आमच्याकडे प्रत्येक गल्लीतला कोणी ना कोणी तापीकाठच्या गाडीत बसून पोटासाठी तिकडे गेलेला. घरी मराठी, शेतात अहिराणी, बाजारात गुजराती, असा आमचा संसार. १९६० साली पश्चिम खानदेशातली निझर-उच्छलकडची गावे सुरत जिल्ह्यात गेली आणि सोयऱ्याधायऱ्यांच्या मधून राज्याची रेघ ओढली गेली. नवापूरच्या स्थानकात तर एकाच फलाटावर दोन राज्ये नांदतात. अशा मुलखातल्या माणसाला सुरत परकी कशी वाटावी?

माझे काका, ज्यांना आम्ही सारे आप्पा म्हणत असू, ते ऐन तरुणपणी उधन्याला लूमच्या खात्यात लागले. सुरतेकडे कारखान्याला ‘खाते’ म्हणतात. शिक्षण चौथी. पुढे मी १९८३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायला सुरतेत गेलो, तेव्हा त्यांच्याच खोलीवर राहिलो. दिवसा मी वर्गात ‘डिजिटल लॉजिक’ नावाचा विषय शिकत असे आणि रात्री खात्यात त्यांचा डबा पोचवत असे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे कळायला मला तीन वर्षे लागली, आणि त्याचा नीट अर्थ लागायला उरलेले आयुष्य. तो अर्थ वाचकांपुढे ठेवावा, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम विषयाची ओळख करून देतो. डिजिटल लॉजिक म्हणजे ‘होय’ आणि ‘नाही’ या दोनच उत्तरांवर चालणारे विद्युतमंडल. दिव्याच्या तारेत एकापुढे एक अशी दोन बटणे बसवली, तर दोन्ही दाबली तरच दिवा लागेल. हे झाले ‘आणि’. तीच बटणे शेजारी शेजारी, स्वतंत्र वाटांवर बसवली, तर कोणतेही एक दाबले तरी दिवा लागेल. हे झाले ‘किंवा’. आणि दाबले की विझणारे, सोडले की पेटणारे बटण केले, तर तो झाला नकार. या तीन गोष्टींच्या जुळणीतून गणकयंत्रापासून आजच्या खिशातल्या फोनपर्यंत सारे उभे राहते. कोणत्या परिस्थितीत काय घडावे याचा तक्ता मांडायचा आणि त्यातून कमीत कमी भागांत काम करणारी जुळणी शोधायची, हेच या विषयातले रेखन, म्हणजे डिझाइन.

आता इतिहास. या विषयाचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखक मागापासूनच सुरुवात करतात, आणि ते ठीकच आहे. कापड म्हणजे ताणा आणि बाणा. गुजरातीत त्याला ‘ताणो-वाणो’ म्हणतात. उभा धागा आणि आडवा धागा जिथे भेटतात, तिथे उभा वर राहील किंवा खाली. तिसरी गोष्ट नाही. किनखाबावरची वेलबुट्टी म्हणजे अशा हजारो होय-नाहींचा हिशेब. यंत्र येण्याआधी हा हिशेब दोऱ्यांत बांधून ठेवीत. कसबी कारागीर नकाशा बांधी, आणि मागावर बसलेला पोरगा त्या दोऱ्या क्रमाने ओढी. ओढलेल्या दोरीबरोबर ठरलेले उभे धागे उचलले जात.

फ्रान्सात ल्याँ शहरी रेशमाच्या मागांवर हेच काम कागदाकडे सोपवण्याची खटपट चालली होती. १७२५ मध्ये बुशाँने भोके पाडलेल्या कागदाची गुंडाळी वापरली. तीन वर्षांनी फाल्काँने तिच्या जागी पुठ्ठ्याचे पत्ते आणले. जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ मध्ये या साऱ्याला कामाचे रूप दिले. भोक असेल तिथे सुई पुढे जाते आणि धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. १८३९ मध्ये याच पद्धतीने जॅकार्डचे स्वतःचे चित्र रेशमात विणले गेले, त्याला सुमारे २४,००० पत्ते लागले. ते चित्र लंडनच्या चार्ल्स बॅबेजने घरी लावले होते. आपल्या नियोजित गणकयंत्राला हुकूम देण्यासाठी त्याने हेच पत्ते योजले होते. पुढे १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हॉलेरिथच्या यंत्रांनी भोकांच्या पत्त्यांवरून माणसे मोजली. माग ते संगणक ही वंशावळ अशी सांगितली जाते.

वंशावळ खरी आहे, पण तिच्यात एक खाच आहे. जॅकार्डचा पत्ता विचार करीत नाही. तो फक्त आठवतो. मागावर काहीही होवो, पत्त्यांची माळ आपली पुढे सरकत राहते. धागा तुटला तरी ती गुलाबाचे फूल काढायचा हुकूम देतच राहणार. बॅबेजचे मोठेपण हे, की आधीच्या उत्तरावरून पुढे कोणता पत्ता घ्यायचा ते ठरवण्याची सोय त्याने योजली. पण ते यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही. मग प्रश्न असा की परिस्थिती पाहून ‘होय’ की ‘नाही’ ठरवणारी, साधी, रोज चालणारी यंत्ररचना लोकांनी आधी कुठे पाहिली? माझे उत्तर आहे, मागावरच. पण पत्त्यांत नव्हे, तर कोपऱ्यातल्या एका लहानशा काट्यात.

यंत्रमाग जवळून पाहिलेल्यांना हा काटा ठाऊक असेल. जेवणाच्या काट्यासारखे त्याला दाते असतात. मागाची फणी प्रत्येक आडवा धागा ठोकायला पुढे येते. धागा जागेवर असेल तर तो दात्यांना अडतो, काटा कलतो आणि त्याची आकडेदार शेपटी वर उचलली जाते. खालून एक हातोडी ठरल्या वेळी मागे जात असते. शेपटी वर असल्याने ती मोकळी निघून जाते आणि माग चालू राहतो. धागा तुटला असेल किंवा कांडी संपली असेल, तर दात्यांना अडवायला काहीच नसते. काटा कलत नाही, शेपटी खालीच राहते, हातोडी तिला पकडून ओढते आणि मूठ सुटून माग थांबतो. विजेचा थेंबही नाही, तरी यंत्र विचारते, ‘आडवा धागा आला का?’ आणि उत्तर ‘नाही’ आले तरच कृती करते. नकाराचे इतके स्वच्छ उदाहरण मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडले नाही.

या काट्याचा शोध इंग्लंडातल्या ब्लॅकबर्नच्या जॉन ऑस्बल्डेस्टन नावाच्या विणकराच्या नावे सांगतात. याच गावच्या केनवर्दी आणि बुलो यांनी १८४१-४२ च्या सुमारास जो लँकेशायर माग पुढे आणला, त्यात विणकराने सतत डोळे लावून बसण्याची गरज पुष्कळ कमी झाली आणि एका माणसाकडे अनेक माग देता येऊ लागले. गिरण्या श्रीमंत झाल्या. ऑस्बल्डेस्टन मात्र दारिद्र्यात मेला. १८९४ मध्ये अमेरिकेत नॉर्थ्रॉपचा माग बाजारात आला. तो संपलेली कांडी स्वतः बदली आणि उभा धागा तुटला तरी थांबे. जपानात साकिची टोयोडाने १९२४ मध्ये केलेला माग याच जातीचा. चूक झाली की यंत्राने स्वतः थांबावे, हे त्याच्या मागातले तत्त्व पुढे त्याच घराण्याच्या मोटारींच्या कारखान्याने जगाला शिकवले. हजारो उभ्या धाग्यांवर प्रत्येकी एक पातळ पत्रा लटकवलेला असतो. धागा ताठ असेपर्यंत तो वर असतो. कोणताही एक धागा तुटला की त्याचा पत्रा खालच्या पट्टीवर पडून वीजवाट जुळते. हजारो पत्र्यांतला कोणताही एक! हाच तो ‘किंवा’.

कारागिरांच्या हाती हे चालले असता कागदावर वेगळीच हालचाल सुरू होती. जॉर्ज बूल या इंग्रज शिक्षकाने १८४७ मध्ये आणि पुन्हा १८५४ मध्ये विचारांचे बीजगणित मांडले. त्यात संख्या दोनच, शून्य आणि एक. त्याचा समकालीन ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ मध्ये आपल्या मदुराईत जन्मलेला. दिल्लीच्या मास्टर रामचंद्रांचे गणितावरचे पुस्तक त्याने १८५९ मध्ये लंडनला पुन्हा छापवले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याच्या नावाचा नियम आमच्या वर्गात पाठ करून घेत: ‘अ किंवा ब’ याचा नकार म्हणजे ‘अ नाही आणि ब नाही’. ऐकायला सोपे, पण या एका नियमाने ‘किंवा’चे काम ‘आणि’कडून आणि ‘आणि’चे काम ‘किंवा’कडून करून घेता येते. हे सारे ८०-९० वर्षे तत्त्वज्ञांच्या कपाटात पडून होते. १९३७ मध्ये २१ वर्षांच्या क्लॉड शॅननने अमेरिकेतल्या एमआयटीत लिहिलेल्या प्रबंधात दाखवून दिले की टेलिफोनच्या रिलेंची जुळणी म्हणजे बूलचे बीजगणितच आहे. जपानात अकिरा नाकाशिमा जवळपास त्याच काळात त्याच वाटेने चालला होता. त्या दिवसापासून मंडल जुळवणे ही अंदाजाची गोष्ट उरली नाही, ते समीकरण झाले.

आता माझ्या फजितीकडे येतो. १९८६ साली शेवटच्या वर्षी आम्हा चार मुलांना प्रकल्प करायचा होता. मी सुचवले की आप्पांच्या मागाला इलेक्ट्रॉनिक थांबा बसवू. आडवा धागा नसेल किंवा उभा तुटला असेल, तर माग थांबावा. खात्याच्या मालकाने एका मागावर, तेही रात्रपाळीत, परवानगी दिली. काट्याजवळ आम्ही संपर्काची पट्टी लावली, कडेच्या दोनशेक उभ्या धाग्यांवर पत्रे टांगले. वर्गात शिकवल्याप्रमाणे तक्ता मांडला आणि मंडल जुळवले. मूठ ओढली. माग एक हेलकावा देऊन थांबला. पुन्हा ओढली, पुन्हा थांबला. तास झाला, बोटभर कापड निघाले नाही. आप्पांची मजुरी मीटरवर होती. बाकीचे माग सांभाळत ते मधूनमधून आमच्याकडे पाहत होते, बोलत नव्हते.

शेवटी त्यांनी माग हाताने फिरवायला लावला आणि अहिराणीत विचारले, “अरे, तुम्ही धाग्याला विचारता तरी कधी?”

मी म्हणालो, “सारखेच विचारतो, आप्पा.”

“तिथेच चुकते. धोटा दुसऱ्या टोकाला असताना इकडे धागा कुठला असणार? हातोडी बघ. दोन फेऱ्यांत एकदाच येते. धोटा काट्याच्या बाजूला पोचला आणि फणी ठोकायला आली, तेवढ्याच वेळी विचारते. बाकीच्या वेळी ती गप्प असते. वेळ चुकवून विचारले तर धागासुद्धा खोटे बोलतो.”

वर्गात आम्हाला ‘क्लॉक’ शिकवला होता. मोठ्या मंडलात सगळी उत्तरे एकाच क्षणी पक्की होत नाहीत; म्हणून ठोक्याची लय ठरवतात आणि ठोका पडेल तेव्हाच उत्तर वाचतात. परीक्षेत मी त्यावर पानभर लिहून गुण मिळवले होते. पण तो ठोका म्हणजे ही हातोडी, हे मला चौथी शिकलेल्या माणसाकडून रात्री दोन वाजता कळले. बूलने ‘काय विचारावे’ हे सांगितले. ‘कधी विचारावे’ हे मागाला आधीपासून ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी मागाच्या खालच्या दांड्यावर लोहचुंबक बसवले. दोन फेऱ्यांत एकदा फिरणारा तो दांडा, त्याच्यावरूनच हातोडीही हलते. चुंबक समोर आले की एक स्विच मिटे. आमचे समीकरण आता असे झाले: ‘ठोका पडला आणि आडवा धागा नाही, किंवा उभा तुटला’, तर थांब. हे सगळे एका चिपेत बसवता आले ते मदुराईच्या त्या डी मॉर्गनमुळे. त्या वेळी प्रत्येक प्रयोगशाळेत ७४०० क्रमांकाची चौदा पायांची चिप असे. तिच्यात ‘आणि’चा नकार देणारी चार दारे, ज्यांना ‘नँड’ म्हणतात. पहिले दार आडव्या धाग्याचा संकेत उलटा करी. दुसरे तो आणि ठोका एकत्र घेऊन त्यांचा नकार देई. तिसऱ्यात हा नकार आणि ‘उभे सगळे शाबूत’ हा संकेत एकत्र येई. दोहोंपैकी एक जरी हरपला, तरी ते दार थांबण्याचा हुकूम देई. तीन दारांत काम झाले, चौथे शिल्लक उरले. पुढचे काम एका रिलेचे.

माग चालला. मग तंतूंच्या धुरळ्याने आणि मागाच्या हादऱ्याने पत्रे उगीच थरथरून खोटे थांबे येऊ लागले. त्यावर आप्पांचाच सल्ला: “थरथरणे आणि तुटणे यात फरक आहे, जरा दम धरायला शिकव त्याला.” एक लहानसा कपॅसिटर लावून आम्ही मंडलाला दम धरायला शिकवले.

थोडे मोठ्या जगाकडे पाहू. ज्या १९६० सालाने आमच्या गावांमधून रेघ ओढली, त्याच साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी जुळवलेला पुरा संगणक चालू झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक मण्यांची, तारांत ओवलेली. आणि चंद्रावर गेलेल्या अपोलो यानाच्या संगणकाचे दोन विशेष तर विणकराच्या पोराने लक्षात ठेवावेत असे. पहिला, त्याचे सारे तर्कमंडल एकाच जातीच्या दारांचे होते: सुमारे २,८०० चिपा, प्रत्येकीत ‘किंवा’चा नकार देणारी दोन ‘नॉर’ दारे. दुसरा, त्याच्या कायमच्या स्मृतीत तार मण्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. आणि त्या तारा कारखान्यातल्या बायका हातांनी ओवीत. चंद्रावर उतरण्याची कृती अक्षरशः विणलेली होती. विणणाऱ्या किती जणींची नावे आपल्याला माहीत आहेत?

हा प्रश्न दुसऱ्याला विचारण्याचा अधिकार मला नाही. आमच्या प्रकल्पाचा अहवाल टंकलिखित होऊन, निळ्या पुठ्ठ्यात बांधून सादर झाला. मुखपृष्ठावर चार विद्यार्थ्यांची नावे, खाली मार्गदर्शकांचे. आत आभाराचे पान इंग्रजीत; त्यात मालकाचे नाव होते, ग्रंथपालाचेही होते. आप्पांचे नव्हते. लबाडी म्हणून नव्हे. ते सुचलेच नाही. काका तो काका, त्याला अहवालात काय घालायचे, असे मनात कुठेतरी असावे. गुण उत्तम मिळाले. आप्पांनी अहवाल हातात घेतला, चिपेची आकृती बोटाने चाचपली आणि विचारले, “यात हातोडी कुठे दाखवली?” मी ठोक्याच्या रेघेवर बोट ठेवले. ते समाधानाने हसले. त्या रात्रपाळीचे बुडालेले मीटर त्यांनी कधी काढले नाहीत.

१९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या धास्तीने सुरत रिकामी होऊ लागली, तेव्हा खचाखच भरलेल्या गाडीतून तेही नंदुरबारला आले. साथ ओसरल्यावर परत गेले आणि डोळे साथ देईनासे होईपर्यंत लूम चालवत राहिले. आज ते नाहीत. त्यांच्या जातीचे धोट्याचे मागही कमी कमी होत चालले. सुरतेत पाण्याच्या फवाऱ्याने धागा फेकणारे माग आले. ओला धागा वीज वाहून नेतो म्हणून दोन टोके धाग्याला टेकवून हे माग विचारतात, आडवा धागा आला का? प्रश्न तोच, आणि फेरीतल्या ठरल्या क्षणीच विचारलेला. १९८३ मध्ये बोनास कंपनीने इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड दाखवले. आता पत्त्यांच्या माळा जाऊन नक्षी संगणकातून येते. आणि २०२४ च्या अखेरीस खुद्द सुरतेत चिपा बंदिस्त करून तपासण्याचा कारखाना सुरू झाला. ताणा-बाण्याचे शहर आता चिपांनाही हात लावू लागले, हे पाहायला आप्पा हवे होते.

आपल्याकडच्या घराघरांत आज कोणी ना कोणी संगणक शिकते आहे. आजोबा लूमवर होते हे सांगायला त्यातल्या काहींना संकोच वाटतो, हे मी पाहिले आहे. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की तुम्ही वर्गात जे शिकता, त्यातला निम्मा भाग घरातल्या म्हाताऱ्याला विचारून पाहा. तो ‘क्लॉक’ म्हणणार नाही, हातोडी म्हणेल. वाणो म्हणेल, बाणा म्हणेल. पण केव्हा विचारायचे आणि केव्हा दम धरायचा, ते त्याला पक्के ठाऊक असेल. आणि अहवाल लिहाल तेव्हा त्याचे नाव घालायला विसरू नका. माझे राहून गेलेले आभाराचे पान मी आज येथे लिहून टाकले आहे.